भर नदीत राहिलेली हौसा

कळंबच्या फाट्यावर गाडी थांबणार नव्हती. नारायणगावला चढतानाच कंडक्टरनं बजावलं होतं, आता मंचरशिवाय दार उघडणार नाही. तरी ती थांबली, कारण माझी चुलत बहीण मंदा हात आडवे करून रस्त्याच्या मधोमध उभी होती. लग्न होऊन तिला तीनच महिने झाले होते. हातातला हिरवा चुडा अजून कोरा दिसत होता. ड्रायव्हरनं शिवी हासडली, लोक खिडक्यांतून डोकावले, आणि मंदा धावत माझ्या खिडकीशी आली. गजांमधून तिनं शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी आत सारली. मी वाट बघत होते की ती म्हणेल, नीट जा, अभ्यास कर. तिनं एवढंच सांगितलं, "सुमे, हौसा नदीत हाय. ध्यानात ठिव. पत्रातनं काड तिला भाईर."

गाडी हलली. शेजारी बसलेले माझे वडील दचकून म्हणाले, "कोन बुडालं?" कोणी नाही, खेळातली बाई आहे, असं मी सांगितलं. इंजिनिअरिंगला निघालेल्या पोरीच्या तोंडी खेळ ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग जरा वेळानं म्हणाले, "मागं बघू नगं. मान धरंल." मी आज्ञाधारक मुलगी. मागं पाहिलंच नाही. मंदा फाट्यावर किती वेळ उभी होती ते मला ठाऊक नाही.

खोडद सोडलं ते असं. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट नेहमी लक्षात येते. प्रत्येकाला आपण काय सोडलं ते पाठ असतं: आईच्या हातचं कालवण, चुलीचा धूर, विहिरीतलं पोहणं. कुणाला सोडलं ते मात्र आम्ही घाईघाईनं सांगतो. म्हणून हे लिहायला बसले आहे. मंदानं मला आयुष्यात एकच खरा प्रश्न विचारला होता, आणि मी त्याचं उत्तर चुकवलं. कसं, ते समजायला आमचा खेळ समजला पाहिजे.

बाजरी दाण्यावर आली की आमच्याकडे पाखरं राखावी लागत. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा, त्यावर आम्ही दोघी, हातात गोफण. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर, सुटीच्या दिवशी दिवसभर. डोळे पिकावर ठेवायचे, म्हणजे पुस्तक वाचता येत नाही, शिवणटिपण करता येत नाही. तोंड तेवढं मोकळं. मग आम्ही एक मुलूख रचायला घेतला. एकीनं सांगायचं, दुसरीनं चालायचं. मी सांगणारी: समोर काय आहे, कोण भेटलं, तो काय म्हणाला. मंदा चालणारी: मी डावीकडं वळते, मी त्याला इचारते, मी पळते. मध्येच "हाऽ हाऽ" करून दगड भिरकवायचा आणि पुन्हा तिथूनच पुढं.

सुरुवातीला आमचं भांडण झालं ते मुलूख आधी की माणूस आधी यावरून. मला नकाशा हवा होता. वहीच्या मधल्या पानांवर मी डोंगर काढले, वाटा काढल्या, प्रत्येक गावात काय पिकतं आणि कोणाचा हुकूम चालतो ते लिहिलं. मंदा कंटाळून म्हणाली, "आदी मानूस उबं कर. मुलूख त्येच्या पायाखाली येतोय आपसूक." तिचंच खरं निघालं. तिनं हौसा उभी केली, आणि मी काढलेले निम्मे डोंगर वायाच गेले, कारण हौसाला तिकडं जायचंच नव्हतं.

माणूस उभं करण्याचे तीन प्रश्न मंदानं ठरवले होते. त्याला काय येतं? त्याला कशाची भीती वाटते? आणि घरी त्याची वाट कोण बघतं? हौसाला वासावरून पाणी ओळखता येई. तिला भीती वाटे ती बंद दाराची. आणि तिची वाट बघत होती थोरली बहीण यमू. तिसऱ्या प्रश्नावर मंदा अडून बसायची. मी कधी घाईत एखादा व्यापारी नाहीतर चोर उभा केला की विचारायची, "ह्येच्या घरी कोन हाय?" कोणी नाही म्हटलं तर तिला तो चालायचा नाही. वाट बघणारं कोणी नसलेला माणूस गावाबाहेर पडतोच कशाला, असं तिचं म्हणणं. यमूचं बोलणं माझ्याकडे होतं, कारण हौसा सोडून त्या मुलखातली सगळी माणसं मीच बोलत असे.

त्याच वर्षांत आमच्या शिवाराजवळ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या. तारांच्या जाळीच्या त्या एवढाल्या परड्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. त्या आभाळातलं ऐकतात, असं मास्तरांनी सांगितलं. आम्ही लगेच त्या आमच्या मुलखात नेल्या. पल्याडच्या मुलखाच्या राजानं डोंगराएवढे कान बांधलेत, कोणी चुलीपुढे कुजबुजलं तरी त्याला ऐकू जातं. मग तिथली माणसं खरं कसं बोलणार? मंदानं गोफणीत दगड भरता भरता तोड काढली. तिथं खरं बोलायचं झालं तर दुसऱ्याच्या नावानं बोलायचं. आपलं पोट दुखत असेल तर शेजारणीचं दुखतंय म्हणायचं. शहाण्यानं ओळखून घ्यायचं. मला ही तोड इतकी आवडली की मी ती वहीत पहिल्या पानावर लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

जे नुसतं बोलून ठरत नसे त्याला चिंचोके. दोन चिंचोके मधोमध फोडून चार अर्धी घ्यायची, पाठ काळी आणि पोट पांढरं. पांढरी जास्त पडली तर हौसाच्या मनासारखं, काळी जास्त पडली तर नाही, सारखी पडली तर पुन्हा टाकायची. मंदा सर्रास लबाडी करायची. वाऱ्यानं पालटला म्हणायची, नाहीतर पदराचं टोक हळूच फिरवायची. मी पडलं ते पडलं या जातीची. तिच्या लबाडीवरून मी तिच्याशी एकदा दोन दिवस बोलले नव्हते. "नशिबाला जरा हात लावला तर काय बिगडतंय?" असं ती विचारायची. मला तेव्हा वाटे की मंदाला खेळ कळतच नाही.

आणखी एक नियम होता. माणसाला उघड्यावर सोडून माळ्यावरून उतरायचं नाही. अंधारून आलं, हाका आल्या, तरी हौसाला आधी कुठल्या तरी वस्तीवर पोचवायचं, दार लावून घ्यायचं, मगच खाली पाय. हा नियम पाच-सहा सुगींत एकदाही मोडला नव्हता. मोडला तो बारावीच्या वर्षी. हौसा नदीत छातीएवढ्या पाण्यात होती, चालत ओलांडायचा उतार अर्धा कापून झाला होता, आणि बांधावरून काकूनं हाक मारली, "मंदे, उतर खाली. पावणं आल्यात." मंदाला बघायला कळंबची मंडळी आली होती. "काकू, थोडं थांबा," मी वरून ओरडले. काकू म्हणाली, "पावणं थांबत्यात व्हय गं?" मंदा गोफण माझ्या हातात देऊन उतरली. केस सोडवत, चेहरा पुसत ती बांधाबांधानं गेली. त्यानंतर ती माळ्यावर आली नाही. मला बारावीला मार्क चांगले पडले, मंदाचं मे महिन्यात लग्न झालं, आणि हौसा तशीच पाण्यात राहिली.

पुण्यातलं पहिलं वर्ष मी मंदाच्या पत्रांवर काढलं. होस्टेलच्या मुली इंग्रजी झाडायच्या, माझ्या "व्हतं"ला हसायच्या. मी सहा महिन्यांत ते घासूनपुसून शुद्ध "होतं" केलं आणि फक्त पत्रं वाचताना मनातल्या मनात जुनं बोलले. मंदाची आंतरदेशीय पत्रं यायची. तिच्या सासरी पत्र आलं की सासरे मोठ्यानं वाचून दाखवत, आणि तिचं जाणारं पत्रही चिकटवायच्या आधी वाचत. तिनंच हे पहिल्या पत्रात गमतीनं लिहिलं होतं. त्यामुळे पत्रात सासरचं काहीच नसायचं. सगळे मजेत, आणि खाली हौसा. मी पाण्याचं वर्णन लिहायची, ती पुढचं पाऊल लिहायची. एका पत्रात एक पाऊल. सासऱ्यांना वाटे, पोरींचा पोरखेळ.

दुसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आठवड्यात तिचं पत्र आलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक होतं. लिहिलं होतं: हौसाच्या पायाखालचे दगड निसटत आहेत. पुढचा काठ दिसत नाही. ज्या काठावरून आली तिकडं ती माघारी फिरली, तर यमू दार उघडेल का? यमूला विचारून लवकर सांग.

हे हौसा विचारत नव्हती, मंदा विचारत होती. मला हे कळायला नऊ वर्षं लागली. दोन रेघा ओढून मीच लिहिलेलं पान माझ्या पेटीत होतं, आणि तरी कळलं नाही. मला मशीन ड्रॉइंगच्या पेपरची काळजी होती. जेवणाच्या सुटीत मी मेसच्या टेबलावर चिंचोके टाकले. चारही काळे पडले. कोणी बघत नव्हतं. मी ते परत टाकू शकले असते, बोटानं एक उलटा करू शकले असते. पण मी पडलं ते पडलं या जातीची. दोन ओळी खरडून पत्र पेटीत टाकलं: यमूला हाक ऐकू गेली नाही. दार बंद आहे. हौसानं पुढंच जावं.

त्यानंतर मंदाचं पत्र आलं नाही. मला वाटलं, संसारात रमली. सगळ्यांनाच असं वाटणं सोयीचं असतं.

पुढे नोकरी लागली, कंपनीनं सहा महिन्यांसाठी इंग्लंडला शेफील्डला पाठवलं आणि मी तिथलीच झाले. विमानतळावर आई म्हणाली, "पोचल्याचं कळव," तेच ती पुण्याला जातानाही म्हणाली होती. मी कळवलं. घर तापवणारा बॉयलर, कौन्सिल टॅक्स म्हणजे तिथली घरपट्टी, शनिवारी वॉशिंग मशीन, सोमवारी कचऱ्याचा हिरवा डबा रस्त्यावर ठेवायचा, हे सगळं शिकले. चार वाजता अंधार पडणारे महिने आले की मात्र जीव गुदमरायचा. ग्रंथालयात एक जाहिरात दिसली, गोष्टीतली माणसं होऊन खेळ खेळणाऱ्या क्लबची. तिथं मार्गारेट भेटली. निवृत्त नर्स, एकटी राहणारी. गर्दीत खेळायला तिला आवडत नसे, म्हणून रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघीच खेळू लागलो. एक सांगणारी, एक चालणारी. तिच्याकडे अनेक बाजूंचे फासे होते, पात्राची माहिती भरायची छापील कॅरेक्टर शीट होती. ताकद किती, चपळाई किती, अक्कल किती, यांचे चौकोन. घरी कोण वाट बघतं त्याला चौकोन नव्हता. मी तो पेननं आखला. मार्गारेटनं त्या रिकाम्या चौकोनात आपल्या वारलेल्या भावाचं नाव लिहिलं.

तिला पल्याडचा मुलूख फार आवडला. डोंगराएवढे कान, दुसऱ्याच्या नावानं बोलणारी माणसं. "तुला हे सुचलं कुठून?" तिनं विचारलं. मी म्हणाले, असंच, लहानपणी सुचलं. सुचलं कोणाला, ते मी बोलले नाही. तिच्या आग्रहानं मी सगळा मुलूख इंग्रजीत लिहून काढला, दोघींनी खेळायचा खेळ म्हणून. क्लबनं त्याची चाळीस पानांची पुस्तिका झेरॉक्स करून पिना मारल्या. नव्या खेळाडूला सुरुवातीलाच काहीतरी गूढ हवं असतं. म्हणून मी उतारावर एक आवाज ठेवला. पूर्वी इथं हौसा नावाची बाई बुडून मेली, तिची हाक अजून पाण्यातून येते. लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला काही विचारावं लागत नाही.

धाकट्या भावाच्या लग्नाला मी गावी आले तेव्हा पुस्तिका बरोबर आणली. मंदाला दाखवायची होती. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. कळंबला गेले तेव्हा ती अंगणात टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरत होती. ओसरीवर खाटेवर तिची सासू झोपून होती, अंग लुळं पडलेलं. मुलं शाळेत गेली होती. मंदा माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, पण दहा वर्षांनी मोठी दिसत होती. उजव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो माझ्या ओळखीचा नव्हता. मला बघून ती उठली, हात पदराला पुसले, पाणी आणलं. मी पुस्तिका काढली. तिनं मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये तुजं नाव?" मी हो म्हटलं. "अन् माजं?"

मी काहीतरी पुटपुटले आणि घाईनं वाचायला लागले. इंग्रजीतून वाचायचं, मराठीत सांगायचं. राजाचे कान आले, तिनं मान डोलवली. तीन प्रश्न आले, ती जरा हसली. मग उतार आला आणि वाक्य तोंडातून निघून गेलं: इथं हौसा बुडून मेली. ते मराठीत, मंदाच्या अंगणात, माझ्याच आवाजात ऐकलं आणि मला पुढचं वाचता येईना.

"मारलीस व्हय तिला?" मंदा म्हणाली. रागानं नाही. एखादी म्हैस कधी गेली ते विचारावं तशी. "इतकी वर्सं मी तिला उबी ठिवली व्हती गं. भाकरी थापताना, पानी वढताना. बसू दिली न्हाई. मला वाटायचं, तुजी बारी हाय, तू सांगशील."

मी म्हणाले, तूच पत्र लिहायचं थांबलीस.

"तुज्या पत्रानं थांबले. त्ये हौसानं न्हवतं इचारलं, सुमे. म्या इचारलं व्हतं. गठुडं बांदून ठिवलं व्हतं घंगाळामागं. माज्या आईबाचं काय चालत न्हवतं घरात. घर तुज्या बाच्या हुकमात, अन् त्यो तुजं ऐकायचा. तू एक शबुद टाकला असतास, तर दार उगडलं असतं. तुजं पत्र सासऱ्यानं वाचून दाकवलं, दार बंद हाय म्हनून. दुपारी गठुडं सोडलं, लुगडी घडी करून ठिवली."

मी सांगितलं की मला कळलं नाही, मी चिंचोके टाकले होते, चारही काळे पडले. तिनं हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"खरंच टाकलंस?"

"हो."

"खोटं बोलायचं व्हतं की गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आल्यापासून तेवढंच.

मला रडू आवरेना. मी वेड्यासारखी म्हणाले, मंदे, मी आत्ता सांगते, यमूनं दार उघडलं, तू म्हण, हौसा येते. तिनं मला थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं. मग म्हणाली, "आता ऱ्हाऊ दी. म्हातारीला भरवायचं हाय. टमाट्याची गाडी येल." आणि खाली बसून भरायला लागली, देठ खाली, तोंड वर, एकावर एक. मी तासभर तिच्याबरोबर क्रेट भरले. निघताना तिनं ओटी भरली, पिशवीभर टोमॅटो दिले. फाट्यापर्यंत पोचवायला ती आली नाही, अंगणातून हललीच नाही. हलावं असं तिला मी काय दिलं होतं?

पुस्तिका मी मागं घेतली. क्लबला सांगितलं, हा मुलूख माझ्या एकटीचा नाही, मला तो देण्याचा हक्क नव्हता. मार्गारेटला सगळं सांगितलं. तिनं चहा केला आणि म्हणाली, आता तरी त्या बाईला बाहेर काढ. मी तिला समजावू शकले नाही की सांगणारीनं सांगून काय होतं, चालणारीनं पाऊल उचलायला नको का.

आता मंदाकडे मोबाइल आहे. मी दर रविवारी फोन करते. ती उचलते, कधी चुकवत नाही. मी विचारते: मुलं कशी आहेत, सासूबाई कशा आहेत, टोमॅटोला भाव काय, हात दुखतो तो दाखवलास का. ती सगळ्याला बरं हाय म्हणते. मी माझ्या वडिलांशी बोलले, उशिरा का होईना, की मंदा कधीही आली तरी खोडदच्या घरात तिची खोली राहील. वडील हो म्हणाले. ते मी तिला सांगितलं तेव्हाही ती बरं म्हणाली.

इथं लोक विचारतात, घर कुठं तुझं? मी सवयीनं खोडद म्हणते, पुणे जिल्हा, जुन्नर तालुका. पण मनात वेगळंच येतं. ज्या ठिकाणाहून कोणीतरी आपल्याला अजून काही विचारतं, काही मागतं, भांडतं, ते घर. उत्तर देता येतं तोवर ते आपलं असतं. गेलेल्यांनो, तुम्हाला तिकडून कोणी आडून काही विचारत असेल, म्हशीबद्दल, शेजारणीबद्दल, पावसाबद्दल, तर नीट ऐका. आणि खोटं बोलावं लागलं तर बोला.

परवाच्या रविवारी मी नेहमीचे प्रश्न विचारून संपवले. मग मंदानं विचारलं, "तिकडं थंडी हाय का?" या थंडीखाली आणखी काय आहे ते मी शोधू लागले. कुणाला थंडी वाजते, कुठं वाजते, असं दोनदा तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई गं, असंच इचारलं." आणि म्हातारी हाक मारतीय म्हणून फोन ठेवला.